लांब पल्ल्याची टाकी

मसोली, डहाणू
१२ जानेवारी २०१७

तुक्याकाका, नमस्कार.

मी मसोलीच्या मोरूची मुलगी हेमांगी. परवा अच्छाडला तुमच्या वर्कशॉपवर आले होते. मी अर्धा तास बोलत होते आणि तुम्ही नुसते माझ्या तोंडाकडे बघत होतात. शेवटी तुम्ही खडूने पत्र्यावर लिहिलंत, "ऐकू येत नाही. घरी जाऊन नीट लिहून पाठव." मला आधी वाईट वाटलं. मग शेजारच्या धाबेवाल्याने सांगितलं, बावीस वर्षं टँकर ठोकून तुमचे कान गेले आणि फोन तुम्ही जवळ ठेवत नाही. म्हणून हे पत्र.

२०१४ साली बाबांनी तुमच्याकडून होडी वाहायची ट्रॉली करून घेतली होती. ती अजून ठणठणीत आहे. बाबा मात्र राहिले नाहीत, दोन वर्षं झाली. माझा नवरा भाविक घरामागच्या शेडमध्ये फायबरच्या होड्या बनवतो. त्या गिऱ्हाइकाच्या बंदरावर पोचवायच्या, हे आमचं काम. पिकअपच्या मागे ट्रॉली, ट्रॉलीवर होडी. कधी वेरावळ, कधी मालवण.

अडचण डिझेलची आहे. रिकाम्या गाडीला साठ लिटरची टाकी पुष्कळ होते. पण मागे बावीस फुटी होडी असली की वारा धरते आणि गाडी डिझेल पिते. ट्रॉलीसकट पंपावर शिरलं तर वळायला जागा नसते. कोकणातले छोटे पंपवाले लांबूनच हात हलवून नको म्हणतात. कॅन भरून ठेवले तर ते लवंडतात आणि नव्या होडीला डिझेलचा वास लागतो.

मागच्या महिन्यात राजापूरच्या पुढे चढावर टाकी कोरडी पडली. इंजिनाने हवा घेतली. ती काढण्यात दोन तास गेले. मालवणला गिऱ्हाइकाच्या घरची सगळी माणसं पूजेचं ताट घेऊन बंदरावर उभी होती आणि भरती निघून गेली. होडी दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरली. मला कोणी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

डहाणूला एकदा भरली की मालवणपर्यंत कुठे थांबायला लागू नये, अशी टाकी बांधून द्याल का?

तुमची,
हेमांगी

---

अच्छाड
१९ जानेवारी २०१७

हेमांगी,

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. मोरू गेल्याचं मला माहीत नव्हतं. ट्रॉली न्यायला आला तेव्हा त्याने सुके बोंबील आणले होते आणि ट्रॉलीचा एकेक टाका बोटाने चाचपून बघितला होता. वेल्डिंगचा टाका चाचपणारं गिऱ्हाईक क्वचित येतं.

आता टाकीचं. मोठी टाकी म्हणजे मोठा डबा नव्हे. डिझेल आत हलतं. टाकी अर्धी असताना ब्रेक मारलास तर ते सगळं पुढे आदळतं. म्हणून आत भोकं पाडलेले पडदे घालावे लागतात. दुसरं, हे वजन मागच्या एक्सलच्या मागे टांगायचं नाही. ट्रॉलीचा हूक गाडीला आधीच मागून दाबतो. आणखी वजन मागे गेलं तर पुढची चाकं हलकी होतील आणि स्टेअरिंग ऐकणार नाही. टाकी चासीच्या आत मावेल तेवढीच करायची. सायलेन्सरपासून लांब.

तिसरं, आणि हे पहिलं कर. कंपनीची टाकी बदलायची तर आरटीओची लेखी परवानगी पाहिजे. कागद नसेल तर मी पत्रा कापणार नाही. मी नाक्यावर बसतो. कागद नसलेल्या गाड्यांचं काय होतं ते रोज बघतो.

मापं जावयांना घ्यायला सांग. ओझं असताना गाडी कुठे जड वाटते, कुठे ओढते, तेही त्यांनी लिहावं. चालवणाऱ्याचं म्हणणं मला ऐकायचं आहे. ऐकायचं म्हणजे वाचायचं.

तुक्या

---

मसोली
२ फेब्रुवारी २०१७

तुक्याकाका, नमस्कार.

जावयांना गाडी येत नाही. भाविकला मी एकदा शिकवायला घेतलं तर उतारावर त्याने डोळे मिटले. तेव्हापासून तो होड्या बनवतो आणि मी त्या ओढते. तुमचं पत्र वाचून तो एवढा हसला की हातातला ब्रश रेझिनमध्ये पडला.

मला बाबांनी शिकवलं, पारनाक्याच्या वाळूत. ट्रॉली मागे घेताना स्टेअरिंग उलटं फिरवायचं, हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. बाबा ट्रॉलीच्या मागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "मला चिरडू नकोस म्हणजे झालं." आता मी बंदराच्या उतारावर पहिल्या झटक्यात होडी पाण्याला लावते. हे स्वतःच लिहायचं नसतं, पण तुम्ही चालवणाऱ्याचं म्हणणं मागितलंत.

तर चालवणाऱ्याचं म्हणणं असं. चढावर तिसऱ्या गिअरात गाडी दम खाते. उतारावर होडी मागून ढकलते तेव्हा पुढचा भाग उचलल्यासारखा वाटतो. तुम्ही पत्रात लिहिलंत तेच, पण मला त्याचं कारण आज कळलं. आणि एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. होडी सोडताना गाडीची मागची चाकं खाऱ्या पाण्यात जातात. कधीकधी टाकीसुद्धा भिजते.

मापं मी गाडीखाली चटई टाकून घेतली आहेत. टेपचं दुसरं टोक भाविकने धरलं. सोबतच्या कागदावर चित्र आहे. परवानगीचा अर्ज विरारला देऊन आले. साहेबांनी विचारलं, टाकी कोण बांधणार. मी तुमचं नाव सांगितलं.

तुमची,
हेमांगी

---

अच्छाड
१८ मे २०१७

हेमांगी,

परवानगीचा कागद बघितला. ठीक आहे.

चालवणारा म्हणजे पुरुष, असं मी धरून चाललो. दुसऱ्या कोणाकडून अशी चूक झाली तर समजू शकतो. माझ्याकडून व्हायला नको होती. त्याचं कारण पुढे कधीतरी सांगेन.

टाकीला उशीर का झाला ते ऐक. पहिली टाकी पंधरा एप्रिलला पुरी झाली. आत हवा भरली, बाहेरून साबणाचं पाणी लावलं. खालच्या कोपऱ्यात एक बुडबुडा आला. एकच. वरून वेल्डिंगचा डाग दिला असता तर बंद झाला असता. पण त्या कोपऱ्यावर होडीचा हिसका रोज बसणार, तेव्हा अख्खी टाकी मोडायची असं ठरलं. पत्रा वाया गेला. मला दोन दिवस बोललं गेलं नाही. मी ऐकत नाही, बोलत नाही, म्हणजे वर्कशॉप किती शांत असेल बघ.

दुसरी टाकी एकशे वीस लिटरची झाली. आत तीन पडदे आहेत. हवा घ्यायची नळी खाली न ठेवता केबिनच्या मागून हौद्याच्या काठापर्यंत वर नेली आहे. गाडी पाण्यात जाते असं तू लिहिलंस, म्हणून. दोन दिवस हवा भरून ठेवली, एकही बुडबुडा नाही.

गाडी घेऊन ये. रिकामी आण, ट्रॉली नको. आणि उपाशी ये, जेवण इथे आहे.

तुक्या

---

मसोली
३ नोव्हेंबर २०१७

तुक्याकाका, नमस्कार.

पावसाळ्यात गाडी उभीच होती, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. परवा मालवणला जाऊन आले. होडी चोवीस फुटी, मागच्या वेळेपेक्षा मोठी. चारोटीला टाकी भरली आणि मालवणच्या बंदरावरच इंजिन बंद केलं. मधे चहाला आणि जेवायला थांबले तेवढंच. राजापूरच्या त्या चढावर मी मुद्दाम काच खाली केली. गाडी सावकाश चढत होती, आणि मागच्या वेळी टाकी कोरडी पडल्यावर ज्यावर बसून राहिले होते तो दगड मागे गेला. मी एकटीच होते. तरी मोठ्याने म्हटलं, "बघ."

होडी भरतीला पाण्यात गेली. गिऱ्हाइकाच्या आईने नारळ आधी होडीला दाखवला, मग माझ्या गाडीला.

डिझेलचा काटा मात्र चुकतो. टाकी पाऊण असताना अर्धी दाखवतो. तो पुढच्या खेपेला बघा.

आता दुसरं. मे महिन्यात टाकी बसवली त्या दिवशी तुमच्या मुलीने, ठकीने, आम्हाला भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. नंतर तुम्ही गाडीखाली नट आवळत होतात, तेव्हा तिने न सांगता हात घालून तिकडची पट्टी धरली. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक भाजल्याचे डाग होते. काही तर कालचे असतील इतके ताजे. तुमच्या हातांवरचे डाग मी बघितले. ते सगळे जुने आहेत.

काका, माझी टाकी कोणी बांधली?

हेमांगी

---

अच्छाड
२० नोव्हेंबर २०१७

हेमांगी,

टाकी ठकीने बांधली.

सहा वर्षांपासून मला टाक्याची रेघ नीट दिसत नाही. माप काढणं, पत्रा बेतणं, जोखणं माझं. कापणं आणि जोडणं तिचं. ठकी तीस वर्षांची आहे. नवरा विनोद झरीला भातशेती बघतो आणि सकाळी तिला स्वतः मोटरसायकलवरून इथे आणून सोडतो. मोरूची ट्रॉलीही तिचीच. त्याने बोटाने चाचपले ते टाके तिचे. ती त्या वेळी चुलीजवळ उभी राहून बघत होती आणि मी मान डोलवून घेत होतो.

लपवलं ते का, तेही सांगतो. मोरूच्या आधी एक टँकरवाला आला होता. काम अर्धं झालं असताना ठकी वेल्डिंगचा होल्डर घेऊन बसलेली त्याला दिसली. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तिला आलं. त्याने अर्धी टाकी उचलून नेली. त्या दिवसापासून गिऱ्हाईक आलं की ठकी होल्डर खाली ठेवते आणि चहा करते. तिला मी असं सांगितलं नव्हतं. पण नको असंही सांगितलं नाही. ते माझ्यावर आहे.

तू गाडी चालवतेस असं लिहिलंस त्या दिवशी तुला सांगायला हवं होतं. मी ते पत्र ठकीला दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे तिने पाटीवर लिहिलं, "आधी टाकी मालवणला जाऊन येऊ दे." पहिली टाकी मोडायचं तिनेच ठरवलं. मी डाग देऊन भागवणार होतो. दोन दिवस बोललं गेलं नाही ते त्यामुळे. हवेची नळी वर नेण्याची अक्कलही तिची.

काट्याचं ती म्हणते, टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटची दांडी एक इंच जास्त वाकली आहे. गाडी आण.

तुक्या

---

मसोली
१ डिसेंबर २०१७

ठकी,

हे पत्र तुला आहे. काकांना वाचू दे, पण तुला आहे.

आपण दोघी एका ताटात जेवलो आणि तू मला सांगितलं नाहीस. मला दोन दिवस राग होता. मग मी गाडीखाली गेले, बॅटरी लावून खालच्या कोपऱ्यातला तो टाका बघितला, आणि राग गेला. भाविक म्हणतो, फायबरमध्ये त्याला अशी सरळ रेघ दहा वर्षांत जमली नाही. तो असं कोणाबद्दल बोलत नाही.

गुरुवारी गाडी घेऊन येते. मी येईन तेव्हा होल्डर खाली ठेवू नकोस. चहा मी करीन.

हेमांगी

---

मसोली
१८ ऑगस्ट २०१९

तुक्याकाका आणि ठकी,

मधल्या काळात तुमच्याकडे येणं होत राहिलं म्हणून पत्रांची गरज पडली नाही. पण आता जे सांगायचं आहे ते पाटीवर मावणार नाही. बसून लिहिते.

आठ तारखेला भाविकला फोन आला. कृष्णाकाठच्या एका गावातले भोईदादा गेल्या वर्षी आमच्याकडून छोटी होडी घेऊन गेले होते. ते म्हणाले, "गावात छपरापर्यंत पाणी आहे. माझी एक होडी आणि आठशे माणसं. काही करता येईल का?" शेडमध्ये बावीस फुटी होडी तयार होती, रंग तेवढा राहिला होता. ती गुजरातच्या गिऱ्हाइकाची. भाविकने त्याला फोन करून नुसतं कळवलं, विचारलं नाही. आमची वस्ती अजून समुद्रावर जायची होती, नारळी पौर्णिमा व्हायची होती, म्हणून शेजारचा रघ्या तांडेल मोकळा होता. तोही आला. नऊला उजाडताना निघालो. चारोटीला टाकी गळ्यापर्यंत भरली.

पुण्यापर्यंत काही वाटलं नाही. कराडच्या पुढे पंपांना दोऱ्या लावलेल्या. पुठ्ठ्यावर लिहिलेलं, डिझेल संपले. पोलिसांनी अडवलं, ट्रॉलीवरची होडी बघितली आणि काही न विचारता बॅरिकेड बाजूला केलं. गावाच्या अलीकडे रस्ता सरळ पाण्यात जात होता. तिथे दोन पिकअप आणि एक ट्रॅक्टर उभा. एकाही गाडीत डिझेल नाही. एका पिकअपच्या टाकीत पाणी शिरलं होतं, ती तर ढकलूनच बाजूला ठेवलेली. कुठून कुठून लोकांनी होड्या आणल्या होत्या, पण एकीकडून दुसरीकडे न्यायला गाड्या नव्हत्या.

दहाला दिवसभर भाविक आणि रघ्या गावातच फेऱ्या मारत होते. एका फेरीला दहा माणसं, त्यावर एकही नाही, रघ्या कोणाचं ऐकत नव्हता. माणसं काठावर आली की मी गाडीतून शाळेत नेऊन सोडायची.

अकराला सकाळी तहसीलचे एक साहेब आले. गावाच्या पलीकडे ओढ्यापल्याड एक वस्ती होती. दूध डेअरीच्या गच्चीवर एकोणचाळीस माणसं, तिसरा दिवस. ओढ्याला इतकी ओढ की रघ्याने नुसती बघूनच मान हलवली. रघ्या वादळात जाणारा माणूस आहे. तो म्हणाला, "इथून घातली तर होडी जाईल आणि आपणही." वरच्या अंगाने जायला रस्ता होता, सत्तर किलोमीटरचा वळसा. साहेबांनी ड्रायव्हर कोण विचारलं. मी पुढे झाले.

"ताई, डिझेल पुरेल का? वाटेत कुठे मिळणार नाही, आणि परत तेवढंच यायचं आहे."

मी काटा बघितला. ठकीने दांडी सरळ केल्यापासून मी त्या काट्यावर विश्वास ठेवते. म्हटलं, "पुरेल."

एवढा एकच शब्द. पण आजूबाजूला सगळ्या गाड्या कोरड्या उभ्या असताना तो शब्द बोलायला मिळणं काय असतं, हे मी अजून भाविकलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

तिकडे पोचलो तर होडी सोडायला उतार असा नव्हताच. शेताचा रस्ता, आणि तो पाण्याखाली. दोन माणसं काठ्या घेऊन कमरेइतक्या पाण्यात रस्त्याच्या दोन कडांना उभी राहिली. त्या दोन काठ्यांच्या मधून मी ट्रॉली मागे घेतली. आरशात फक्त मातकट पाणी दिसत होतं. हौद्याच्या फळीला पाणी लागलं. टाकी, सायलेन्सर, सगळं खाली. मी इंजिन चालूच ठेवलं, पाय हलवला नाही. हवेची नळी वर होती, हौद्याच्या काठापाशी, आणि तिच्यात थेंब गेला नाही. होडी तरंगली तेव्हा भाविकने हात वर केला आणि मी गाडी बाहेर ओढली. गाडी एकदाही खोकली नाही.

चार फेऱ्या झाल्या. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस. शेवटच्या फेरीत एक म्हातारी होती, तिने उतरताना कोणाचा हात धरला नाही. माझ्या गाडीपाशी येऊन म्हणाली, "कुठनं आलासा?"

"डहाणूवरून. समुद्राकाठी आहे, गुजरातच्या हद्दीजवळ."

"एवढ्या लांबनं? आन् तेल कसं पुरलं? आमच्या पोरांच्या गाड्या तीन दिस उभ्या हायत."

मी तिला सांगितलं की टाकी मोठी आहे, झरी गावच्या ठकीने बांधली आहे. ती वाकून गाडीखाली बघायला लागली. खरंच वाकली, ओल्या लुगड्यात. मग म्हणाली, "तिला म्हणावं, पाणी उतरलं की ये जेवायला. घर उभं असलं तर घरात, नसलं तर झाडाखाली."

हा निरोप मी पोचवला.

रघ्या आकडा ठेवत होता. सगळी मिळून दोनशे अकरा माणसं. आम्ही चौदाला घरी आलो. होडीला तळाशी ओरखडे आहेत. गुजरातचं गिऱ्हाईक स्वतः बघायला आलं आणि म्हणालं, हीच द्या, ओरखडे बुजवू नका.

तुमची,
हेमांगी

---

अच्छाड
२७ ऑगस्ट २०१९

हेमांगी,

तुझं पत्र दुपारी आलं. मी आधी मनात वाचलं. मग परत पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतलं. मला माझा आवाज ऐकू येत नाही, म्हणून फारच मोठ्याने वाचलं असणार, कारण धाब्यावरचे ड्रायव्हर उठून आले. रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला आला. मी कोणाकडे बघितलं नाही, वाचत राहिलो. "पुरेल" या शब्दाशी थांबलो, कारण डोळ्यांत पाणी आलं आणि ओळ दिसेना. पंक्चरवाल्याने बोट ठेवून दाखवलं, इथून पुढे.

तुला एक माहीत नसेल. आजकाल गाडीवाले येतात आणि मला हातानेच विचारतात, ठकी आहे का. मी नाही म्हटलं तर ते काम सांगत नाहीत, बाकावर बसून राहतात. मला ह्याचं वाईट वाटायला हवं, असं एक जण म्हणाला. म्हणजे त्याने लिहून दाखवलं. मी त्याच्याखाली लिहिलं, "मी तिचा बाप आहे."

पत्र वाचत होतो तेव्हा ठकी मागे भाताच्या मळणी यंत्राचं काम घेऊन बसली होती. आमच्याकडे पाठ. तोंडावर काच, हातात होल्डर. मी कामाचा आवाज ऐकू शकत नाही, मी उजेडावरून ओळखतो की ती काम करते आहे. समोरच्या भिंतीवर निळा उजेड नाचतो. तुझं पत्र वाचून होईपर्यंत भिंतीवर उजेड नव्हता.

वाचून झाल्यावर ड्रायव्हर गेले. तिने काच वर केली नाही. मी जाऊन तिच्या शेजारी पाटावर बसलो. काचेच्या आत काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं, पण तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता, तेवढ्यावरून कळत होतं.

मग तिने कोपराने मला थोडं बाजूला सारलं, होल्डर उचलला आणि टाका घातला. सरळ पडला.

तुक्या